चार डोळ्यांची कडी

ताई कुठे आहेत हे त्या सकाळी घरात एकट्या वहिनींना ठाऊक होतं, आणि वहिनींना विचारावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ताई खाली कुलपांच्या कारखान्यात होत्या. घर जागं व्हायच्या आधीच जिना उतरून गेल्या होत्या, गार वारा येतो म्हणून दार आतून लोटून घेतलं होतं, आणि खिडकीजवळच्या बाकावर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कानस चालवत बसल्या होत्या. "बैठक बसेपर्यंत जरा हात चालवते," एवढंच त्या वहिनींना सांगून गेल्या.

बैठक त्यांच्याचबद्दल होती. ताई म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, दादांची थोरली बहीण. सगळा संसार परगावी, नवऱ्याबरोबर किल्ल्यांची टपरी चालवण्यात गेला. आधी नवरा गेला, मग रस्ता रुंद झाला आणि टपरीही गेली. तेव्हा हत्यारांची पेटी उचलून त्या माहेरी आल्या आणि म्हणाल्या, मला हिस्सा नको, दागिना नको, बाबांच्या कारखान्यात एक बाक द्या. बाक मिळाला तर त्या राहणार होत्या. नाही मिळाला तर रविवारी मुलगा येऊन त्यांना आपल्याकडे नेणार होता. त्यानं आईसाठी खोली रंगवून घेतली होती, समोर मोठा टीव्ही लावला होता, आणि आता तू नुसता आराम करायचास असं फोनवर बजावलं होतं. त्या आरामाचं नाव काढलं की ताईंचा चेहरा फाशीची तारीख लागल्यासारखा व्हायचा.

बाक म्हणजे काय हो, लाकडाची एक फळी आणि तिला बसवलेला, लोखंड घट्ट पकडायचा शेगडा. पण हे कुलूपवाल्यांचं घर पडलं. इथे फळी मागायची तरी कायद्यानं मागावी लागते, आणि कायदे तर घरात माणशी एक.

सकाळी पहिले उतरले दादा. खुंटीवरचं आपलं पितळी कुलूप त्यांनी काढून घेतलं.

"निकाल लागेपर्यंत कारखाना बंद," ते म्हणाले. "बाबांचा शब्द होता. लेकीच्या हाती किल्ली, लेकाच्या हाती कुलूप. म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला कारखान्यात बाक नाही. ताई आधीच जाऊन बाकावर बसली, तर मग तिला उठवायचं कोणी? मी?"

"अहो, पण वन्सं—"

"तू मध्ये पडू नकोस. हा आम्हा बहीण-भावांचा मामला आहे."

वहिनी मध्ये पडल्या नाहीत. खाली खट्ट असा आवाज झाला.

कारखान्याच्या दाराची कडी साधी नव्हती. दादांच्या आजोबांचे तीन भागीदार होते. आजोबांचा त्यांच्यापैकी एकावरही विश्वास नव्हता, आणि त्या तिघांचा आजोबांवर नव्हता. म्हणून आजोबांनी एक जाडजूड लोखंडी पट्टी घडवली, तिला चार भोकं पाडली, चौकटीवर चार कोयंडे ठोकले आणि ज्यानं त्यानं आपापलं कुलूप घालायचं असं ठरवलं. चौघं हजर असतील तरच दार उघडायचं. पुढे भागीदार गेले, आजोबा गेले, कडी मात्र राहिली. घरात तिला चार डोळ्यांची कडी म्हणत. किती वर्षं तिचे तीन डोळे रिकामेच होते.

दुसरे आले काका. दादांचे चुलते, कुलूपकार मंडळाचे तहहयात अध्यक्ष. काठी टेकत गल्लीतून आले आणि वर न येता आधी दाराशीच थांबले.

"काका, जरा ऐका ना, आत—"

"आत चहा टाक, आलोच मी. कारखान्यात तंटा असेल तर मंडळाचं कुलूप पडलंच पाहिजे. घर भावाचं असलं म्हणून कलम बदलत नाही."

पुन्हा खट्ट.

तिसरे आले वकील. दादांचे धाकटे भाऊ. ते सातवीत असताना त्यांनी शाळेच्या मास्तरांना नोटीस धाडली होती, तेव्हापासून घर त्यांना वकीलच म्हणतं. बरोबर कोर्टाचा बेलीफ होता. बेलिफानं कोर्टाचं कुलूप घातलं, त्यावर लाख वितळवून मोहोर उठवली, सही घेतली आणि तो सुट्टीवर निघून गेला.

"जैसे थे!" वकील जिन्यावरूनच ओरडले. "कोर्टाचा हुकूम आहे. सगळं आत्ता आहे तसंच राहील. मुलीला मुलाइतकाच हक्क असतो, ही काय दयेची गोष्ट आहे का? ताईला बाक नको, हिस्सा पाहिजे!"

ताईंनी हिस्सा मागितलाच नव्हता, पण वकिलांचं काही अशिलावाचून अडत नसे.

"भाऊजी, माझं एक ऐकून घ्या—"

"वहिनी, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. आता कोणीही काही बोलायचं नाही."

चौथी चिमणी. दादा-वहिनींची लेक, फोनवरून उघडणाऱ्या कुलपांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिच्या कानात फोनची बोंडं होती. वहिनींनी हात हलवून खाली बोट दाखवलं, तिनं "हो हो, तिकडेच लावते" अशी मान हलवली आणि कडीच्या चौथ्या डोळ्यात एक काळं, गुळगुळीत, बिनभोकाचं कुलूप लटकवून दिलं. ते पिंक् असं वाजलं.

प्रत्येकानं आपलं कुलूप ओढून पाहिलं, दुसऱ्याच्या कुलपाकडे बघून नाक मुरडलं आणि वर आला. कुलूपवाल्याला दार म्हणून दिसत नाही, कुलूप तेवढं दिसतं. वहिनी या घरात आल्या तेव्हापासून हे बघत होत्या. चारही वेळा तोंड दाबलं गेल्यावर मग त्यांनाही राग आला. बसा म्हणावं आता, असं म्हणून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

बैठकीच्या खोलीत लगेच जुंपली.

"घरात घरचाच कायदा चालतो," दादा म्हणाले. "बाबा काय म्हणाले ते मी या कानांनी ऐकलंय."

"बाबा काय म्हणाले ते देशाच्या कायद्यापुढे टिकत नाही," वकील म्हणाले. "कायदा एकच असतो दादा. तो सगळ्यांच्या वर असतो."

"तुझं कोर्ट कालचं पोर," काकांनी काठी आपटली. "मंडळ त्याच्या आधीचं. तुझ्या न्यायाधीशाच्या कपाटाची किल्ली हरवते तेव्हा तो कोणाचा दरवाजा ठोठावतो, विचार त्याला."

"आजोबा, आता कोणीच कोणाच्या वर नसतं," चिमणी म्हणाली. "सगळे कायदे शेजारी शेजारी राहतात. आमचंच बघा. कंपनी एका देशात, यंत्रणा दुसऱ्या देशात, आणि भांडण झालं तर लवाद तिसऱ्या देशात बसतो. दोन्ही बाजूंनी 'मान्य' दाबलं की कुलूप आपोआप उघडतं. कोर्टकचेरी नाही, काही नाही."

"आणि एकानं 'अमान्य' दाबलं तर?"

"मग थांबायचं."

"किती?"

चिमणीनं फोन चाळला. "ते अटींमध्ये असेल कुठेतरी."

वहिनी कपात चहा ओतत होत्या. त्यांच्या मनात आलं, एका ओट्यावर चार सुना असल्या म्हणजे असंच होतं. प्रत्येकीला वाटतं मीठ आपणच घालायचं, आणि खाणाऱ्याच्या तोंडाची चव जाते. पण हे ऐकवायचं कोणाला?

"बरं, ते असू दे," काका म्हणाले. "जिचा तंटा तिला तरी बोलवा. ताई कुठे आहे?"

सगळ्यांनी पहिल्यांदा वहिनींकडे पाहिलं.

"मला विचारताय?" वहिनी म्हणाल्या. "नाही, मी मध्ये पडत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

"अगं, कुठे आहे सांग ना!"

"कारखान्यात. तुमच्या चौघांच्या कुलपांच्या आत."

वाद थांबला तेव्हा कुठे खालची कानस ऐकू आली. खर्र, खर्र, खर्र. मग चौघंही एकदम जिन्याकडे धावले आणि एकमेकांत अडकले.

खिडकीला जाड गज होते. गजांपलीकडे ताई बाकावर बसल्या होत्या आणि कुठल्याशा किल्लीचे दात उजेडात धरून पाहत होत्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कुलपं मोजून आपापल्या घरी जाताय की काय. बंड्या, तुझं पितळी सगळ्यांत आधी वाजलं. खटका ढिला झालाय त्याचा."

दादांना बंड्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

"ताई, तू आत होतीस तर ओरडली का नाहीस?"

"मला वाटलं, मुद्दाम कोंडताय."

"मुद्दाम!" दादांनी खिशातून किल्ली काढली, दोन पावलं दाराकडे टाकली आणि तिथेच थांबले. घरचा एक नियम होता. रागानं घातलेलं कुलूप समोरच्यानं माफी मागितल्याशिवाय काढायचं नाही. हा नियमही बाबांचाच. "तू फक्त माफी माग ताई, मी लगेच काढतो."

"कशाची माफी?"

"आत गेलीस त्याची."

"मग मला बाहेर काढ, म्हणजे मागते."

"आधी माग, मग काढतो!"

"बघ बाबा. आत बसून माफी मागितली तर ती माफी नाही होत, ती सुटका होते."

दादा किल्ली हातात धरून उभेच राहिले. काकांनी घसा खाकरला. मंडळाचं कुलूप काढायला सभा लागते, सभेला निम्मे सभासद लागतात, आणि निम्मे सभासद एका सभासदाच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. कोर्टाच्या कुलपाची किल्ली बेलिफाकडे, बेलीफ सुट्टीवर, आणि कोर्ट सोमवारपर्यंत बंद. चिमणी केव्हाची मदतकेंद्राशी बोलत होती.

"अहो, पण माझी आत्या आत आहे. डोळ्यांना दिसतेय!" ती म्हणाली, आणि फोन खाली घेऊन सगळ्यांकडे बघत राहिली. "ते म्हणतात, कुलूप लागल्यापासून दार उघडलेलं नाही. म्हणजे त्यांच्या माहितीप्रमाणे आत कोणीही गेलेलं नाही. आत कोणी नाही म्हटल्यावर तातडीचा प्रश्नच येत नाही, म्हणे."

"झालं," ताई आतून म्हणाल्या. "म्हणजे मी नाहीच. बरं झालं कळलं."

खरं म्हणजे तिथल्या प्रत्येकाला ती कुलपं बिनकिल्लीची उघडता आली असती. काकांनी तर उमेदीत बँकेची तिजोरी एका तारेवर उघडली होती. पण दुसऱ्याचं कुलूप मालकाच्या होकाराशिवाय उघडायचं नाही, ही या धंद्याची शपथ. ती मोडणारा जन्मातून उठला.

"मी म्हणते, अग्निशमन दलाला बोलवा," वहिनी म्हणाल्या. "ते दार तोडतील."

"नाही!" चौघं एका सुरात ओरडले. सकाळपासून त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"कुलूपवाल्यांच्या घरात दार तोडायला परका माणूस?" काका थरथरत म्हणाले. "उद्या तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला?"

वकील मात्र गजांशी गेले, मागे आले, परत गेले. मग हळूच म्हणाले, "एक घोळ झालाय."

"आता तुझं घोडं कुठे पेंड खातंय?" दादा म्हणाले.

"कोर्टाचा हुकूम जैसे थे चा आहे. मोहोर उठली तेव्हा ताई आत बाकावर होती. म्हणजे ताई बाकावर असणं, हेच जैसे थे. आता तिला तिथून उठवणं म्हणजे..." त्यांनी दारावरच्या मोहोरेकडे बोट दाखवलं. "कोर्टाचा अवमान."

"वा!" ताई म्हणाल्या. "शिकलास हो वकील."

"नाही नाही, बंद कारखान्यात बसता येत नाही," काका गडबडीनं म्हणाले. "मंडळाचं स्पष्ट कलम आहे. बंद कारखान्यात जो कोणी सापडेल, तो तिथला कारागीर समजावा आणि दंड त्याच्याकडून घ्यावा."

"काय म्हणालात काका?" वकील उसळले. "कारागीर समजावा?"

"हो, म्हणजे... दंडापुरता."

"दंडापुरता कसा? कारागीर तो कारागीर! आणि कारागिराला बाक आलाच!"

वकील आणि काका एकमेकांच्या अंगावर धावले. काका कलमाचा अर्थ सांगत होते, वकील अर्थाचा अर्थ काढत होते, चिमणी दोघांना मध्यस्थीचा पर्याय समजावत होती. दादा तेवढे गजांना धरून उभे होते. "ताई, गुदमरायला नाही ना होत?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुला दम्याचा त्रास होता लहानपणी."

"तो तुला होता, बंड्या," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "मला फक्त चहा पाहिजे. वहिनी, चहा दे गं. आणि चमचाभर तेल दे."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ताईंची नजर सहज फिरल्यासारखी दाराच्या अंधाऱ्या बाजूकडे गेली आणि परत आली. ज्या बाजूला कुलपं होती ती ही बाजू नव्हे.

"तेल डोक्याचं देऊ की मशीनचं?" वहिनींनी विचारलं.

"मशीनचंच दे. डोकं माझं अजून गंजलेलं नाही."

वहिनींनी गजांतून कप दिला आणि शिवणयंत्राच्या तेलाची नळकांडी दिली. मग पदर खोचून, मूग गिळून जिन्याच्या पायरीवर बसल्या. या घरात आल्यापासून त्यांनी नणंदेला कधी काही दिलं नव्हतं. द्यायला त्यांच्या हातात काही असायचंच नाही. आज चमचाभर तेल दिलं, तर त्यांना उगीचच भरून आलं.

बाहेर वाद रंगात आला. काकांनी आजोबांच्या काळचे दाखले काढले. आत कानस थांबली होती. त्याऐवजी टक्, टक्, टक् असं हलकं ठोकणं येत होतं, आणि ते वहिनींशिवाय कोणीच ऐकत नव्हतं. कुलपातून येणारा आवाज असता तर चौघंही झोपेतून उठून बसले असते.

मग दार हललं. कुलपांच्या बाजूनं नव्हे, दुसऱ्या बाजूनं. भिंतीलगत आधी बोटभर फट पडली, मग हातभर. चारही कुलपं कडीत जशीच्या तशी लटकत होती, लाखेला तडाही गेला नव्हता, काळं कुलूप आपला हिरवा दिवा लुकलुकवत होतं. आणि दार आपलं उलट्या अंगानं आत सरकत होतं. फटीतून ताईंचं डोकं बाहेर आलं. त्यांच्या हातात बिजागऱ्यांच्या खिळी होत्या, तेलानं चकचकीत झालेल्या.

प्रत्येकजण आधी आपल्या कुलपाकडे धावला.

"मंडळाचं शाबूत आहे," काका म्हणाले.

"मोहोर अखंड," वकील म्हणाले.

"दार उघडलेलं नाही असंच दाखवतंय," चिमणी फोनकडे बघत म्हणाली.

"चार पिढ्या कुलपं करणारं घर," ताई म्हणाल्या, "आणि बिजागरीकडे एकाचंही लक्ष नाही. धन्य आहे तुमची. बंड्या, आत ये आणि दार धर. भारी आहे, मला एकटीला परत बसवता येणार नाही."

"परत कशाला बसवायचं?" वकील म्हणाले.

"मग काय, गल्लीला उघडं टाकू? बाबांचं दार आहे ते."

दादा अंग चोरून फटीतून आत शिरले. लहानपणी पावसाळ्यात दार फुगलं की हे दोघंच ते उतरवायचे. दादा खांदा लावायचे, ताई खीळ काढायच्या. आत्ताही त्यांनी न सांगता दाराखाली खांदा घातला, दार उचलून बिजागरीशी नेलं आणि श्वास रोखून उभे राहिले. बाहेरून फट बुजली. वहिनी उठून खिडकीशी आल्या.

ताई खीळ हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

"बसव की ताई. खांदा जातोय."

"बसवते. आधी सांग, माझा बाक कुठला?"

"आधी खीळ बसव!"

"आधी बाक सांग."

"ताई, हा अन्याय आहे! मी दार सोडलं तर—"

"सोड. कुलपं वाकतील सगळी. कोर्टाचं पण."

"सोडू नकोस दादा!" वकील बाहेरून किंचाळले. "अवमान होईल!"

दादांच्या कपाळावर घाम आला. दार त्यांच्या खांद्यावर थरथरत होतं. शेवटी ते बोलले, तेव्हा आवाज दाराच्या ओझ्यानं घोगरा झाला होता की आणखी कशानं, ते वहिनींना कळलं नाही.

"खिडकीजवळचा," ते म्हणाले. "तुझाच होता तो. तू सासरी गेल्यावर मी तिथे कोणालाच बसू दिलं नाही. मीसुद्धा बसलो नाही."

"आणि बाबांचा शब्द?"

"लेकाच्या हाती कुलूप. ते बाहेर लटकतंय की. बिजागरीबद्दल बाबा काही बोलले नव्हते."

ताईंनी वरची खीळ घातली आणि हातोडीनं ठोकली. मग मधली, मग खालची. दादा खांदा चोळत बाजूला झाले आणि बहिणीकडे न बघता दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. दार पूर्ववत झालं. बाहेर चारही कुलपं लागलेली, आत बहीण-भाऊ.

"हे आता कायद्यात कसं बसतं?" काकांनी विचारलं.

"बसतं काका," वकील हळूहळू म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. "सगळं जिथल्या तिथे आहे. जैसे थे!"

"वकील!" ताईंनी आतून हाक मारली. "रविवारी मुलगा येईल न्यायला. त्याला काय सांगायचं?"

"सांग, आई कोर्टाच्या कुलपात आहे. सोमवारपर्यंत हात लावता येणार नाही."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी तारीख पडेल."

"आणि मग?"

"मग पुढची तारीख. माझ्या हातात दिलेलं प्रकरण आहे ताई, आपल्या हयातीत काही निकाल लागत नाही," वकील अभिमानानं म्हणाले.

ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पदरानं पुसले.

"पडू दे मग भिजत घोंगडं," त्या म्हणाल्या. "वहिनी, त्या टीव्हीवाल्याला तूच फोन कर बाई. आणि चहा गार झाला माझा."

वहिनींनी नवा चहा केला. गजांतून या वेळी त्यांनी दोन कप आत दिले. आत दोन कानशी चालू झाल्या होत्या, आणि दादा तक्रारीच्या सुरात सांगत होते की ताई, तुझी कानस फार वाजते.